पावसात पहिल्यांदा ताम्हिणी घाटातून गाडी नेताय? मग हे वाचा

अरे बिनधास्त जा, पण उतारावर न्यूट्रल अजिबात करू नकोस, पेट्रोल वाचतं वगैरे सांगणारे खूप भेटतील. ज्या गिअरमधे तो घाट चढला असतास त्याच गिअरमधे उतरायचं, म्हणजे दुसरा बरेचदा, नाहीतर सतत ब्रेक दाबून लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. धुक्यात लो बीम, आणि चालत्या गाडीला हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नकोस, मागच्याला तू कुठे वळतोय तेच कळत नाही (हे आपल्याकडे सगळेच करतात!).

पुढे अपघात दिसला तर गाडी वळणावर नको, जरा लांब सुरक्षित जागी लाव, तिथे मात्र हॅझर्ड चालू. ट्रँगल (धोक्याचा लाल त्रिकोण) वळणाच्या अलीकडे ठेव, वळणानंतर ठेवून काय उपयोग. 108 किंवा 112 ला फोन, रेंज नसेल तर जाणाऱ्या कुणाला तरी किलोमीटरचा दगड सांगून पुढे पिटाळ. जखमीला पाणी पाजू नकोस, आग वगैरे नसेल तर ओढून बाहेर काढू नकोस, रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धर. पोलिसांच्या लफड्याला घाबरू नको, मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत कलम 134अ आलंय, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही.