इंधन उरलं होतं, ऑइल संपत आलं होतं

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोन ठिकाणी निवड झाली आणि दोन्हीकडे मानवरहित टेहळणी विमानांचंच काम, हे ऐकून बरं वाटलं. एका जागी कॅमेऱ्यातून येणाऱ्या चित्रांमधल्या गाड्या, बोटी, माणसं आपोआप ओळखणारं सॉफ्टवेअर. दुसऱ्या जागी इंजिन, वीजपुरवठा आणि वायरिंगच्या चाचण्या. पहिलीबद्दल तू दोन पानं लिहिली आहेस, दुसरीबद्दल दीड ओळ. तुझा कल कुठे आहे ते विचारायची गरजच उरली नाही. तरी मी दुसरी घे म्हणेन. कारणं सांगतो, पटली तर बघ.

आधी एक दुरुस्ती. तू सगळीकडे ‘लांब पल्ल्याची विमानं’ लिहिलं आहेस. पल्ला म्हणजे किती दूर जाता येतं. आपला प्रश्न असतो तो किती वेळ हवेत राहता येतं. हे दोन हिशेब वेगळे आहेत, अगदी वेगापासून वेगळे. पंख्याचं, म्हणजे प्रॉपेलरचं, विमान जास्तीत जास्त दूर न्यायचं असेल तर एका वेगाने उडवावं लागतं. तेच विमान जास्तीत जास्त वेळ वर ठेवायचं असेल तर त्याहून बरंच सावकाश, सुमारे तीन चतुर्थांश वेगाने. टेहळणीला दूर जाण्यापेक्षा एकाच जागेवर घिरट्या घालत राहणं महत्त्वाचं. मुलाखतीला बसलेल्या माझ्यासारख्या खवचट म्हाताऱ्याने हा फरक विचारला तर अडकू नकोस.

आता अब्राहम करेम यांची गोष्ट. नाव तू ऐकलं असशील, पण बहुतेक जण ते ‘प्रिडेटर’ या अमेरिकी मानवरहित विमानाचे ‘जनक’ म्हणून ऐकतात आणि खरी गोष्ट निसटते. बगदादमध्ये जन्मलेला, इस्रायलमध्ये विमानं बांधायला शिकलेला हा माणूस १९७० च्या दशकात अमेरिकेत गेला आणि लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधायला बसला. त्या काळी अमेरिकी लष्कराचा अक्विला नावाचा मानवरहित विमानाचा प्रकल्प चालू होता. करेम यांच्या सांगण्याप्रमाणे ते विमान उडवायला तीस माणसं लागत आणि सरासरी वीस तास उडालं की एक पडे. मानवरहित विमान पडणारच, आत कोण बसलंय, अशीच तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. करेम यांना ती मान्य नव्हती. माणूस बसतो त्या विमानाइतकंच हे विमानही भरवशाचं असलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

त्यांचं अल्बाट्रॉस नव्वद किलोच्या आसपास वजनाचं होतं. प्लायवूड, घरी ओतलेलं फायबरग्लास आणि गो-कार्टला बसवतात तसलं टू-स्ट्रोक इंजिन. उडवायला तीन माणसं पुरत. हे विमान छप्पन्न तास हवेत राहून दाखवू शकलं. त्यात नवा सेन्सर नव्हता, की कुठलं गुपित तंत्रज्ञान नव्हतं. मग डार्पाने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, पैसे दिले, त्यातून अ‍ॅम्बर झालं आणि १९८८ मध्ये ते अडतीस तासांहून जास्त उडालं. पुढे प्रकल्प गुंडाळला गेला, करेम यांची कंपनी बुडाली, जनरल ॲटॉमिक्सने ती विकत घेतली. करेम यांच्या कंपनीने आधीच बांधलेलं नॅट-७५० आणि १९९४ मध्ये पहिल्यांदा उडालेलं प्रिडेटर ही त्याच घराण्यातली. जगाला प्रिडेटर आठवतं ते क्षेपणास्त्रामुळे. मला आठवतात ते छप्पन्न तास.

तुझ्या दुसऱ्या जागेचं काम म्हणजे हेच तास कमावणं. ते कसे जातात, ते एकदा कागदावर करून बघ. हजार किलोचं विमान धर, त्यात चारशे किलो इंधन, आणि ते तीस तास उडतं असं समज. आता कुणी एक ब्रॅकेट जाड केलं, कुणी ‘असू दे’ म्हणून दोन वायरी जास्त ओढल्या, रंगाचा एक हात जास्त लागला, आणि असं करत करत पन्नास किलो वाढले. उड्डाणाचं वजन हजारच ठेवायचं, म्हणून इंधन साडेतीनशेवर आलं. वजन आणि इंधनावरून उड्डाणाचा वेळ काढणाऱ्या ब्रेगेच्या सूत्रात आकडे घाल: तीसचे पंचवीस तास होतात. वजन वाढलं पाच टक्के, वेळ गेला सतरा टक्के. हे पाच तास कुठल्या एका माणसाने घालवले नाहीत, त्यामुळे बैठकीत दोषही कुणावर येत नाही. म्हणून वजनाची वही ठेव. प्रत्येक सुटा भाग बसण्याआधी काट्यावर ठेवायचा, ड्रॉइंगवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा शेजारी शेजारी लिहायचे. केबल टायसुद्धा. लोक हसतील. मलाही हसले होते.

मोठ्या विमानातही गणित तेच. ग्लोबल हॉक या अमेरिकी मानवरहित टेहळणी विमानाच्या नंतरच्या आवृत्त्यांचं उड्डाणाचं कमाल वजन १४,६२८ किलो, त्यातलं ७,८०० किलोंपेक्षा जास्त नुसतं इंधन. निम्म्याहून जास्त विमान म्हणजे टाकीच. कॅमेरे, रडार वगैरे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सारं मिळून १,३६० किलोंच्या आत बसवायचं. चाळीस मीटरचे पंख, साठ हजार फुटांची उंची आणि तीस तासांहून जास्त वेळ. २००१ मध्ये या जातीचं एक विमान कॅलिफोर्नियातून निघालं ते थेट ऑस्ट्रेलियात उतरलं, मध्ये कुठेही न थांबता.

आता माझी गोष्ट, जी तुला मी कधी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नाही. आमच्या विमानाचं पहिलं लांब उड्डाण होतं. इंधनाचा हिशेब मी स्वतः तीनदा तपासला होता. चौदाव्या तासाला इंजिनाला वंगण देणाऱ्या ऑइलचा दाब किंचित हलायला लागला. एखादा सेन्सर बिघडला असेल म्हणून आम्ही अर्धा तास घालवला. मग बेंचवरच्या, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवून घेतलेल्या चाचण्यांच्या, जुन्या नोंदी काढल्या आणि लक्षात आलं की इंजिन ताशी किती ऑइल खातं हे आम्ही कधी नीट मोजलंच नव्हतं. बेंचवर इंजिन चार-पाच तास चालायचं आणि बंद करताना कुणीतरी ऑइलची टाकी वरपर्यंत भरून ठेवायचं. कामसू मुलगा होता, त्याची काही चूक नाही. विमान सुखरूप उतरलं. उतरल्यावर इंधनाच्या टाकीत सहा तासांचं इंधन शिल्लक होतं आणि ऑइल तळाला गेलं होतं. अहवालात मी ‘नियोजित वेळेआधी उड्डाण समाप्त’ असं लिहिलं. भाषा बघ माणसाची.

दीर्घ उड्डाणात सगळ्यात आधी जे संपतं तेवढंच विमानाचं आयुष्य. इंधन संपेल असं सगळे धरून चालतात. संपतं भलतंच काहीतरी: ऑइल, अल्टरनेटरचे ब्रश, थंडीत आखडलेली सील, कंपनाने सैल झालेला कनेक्टर. आणि कधी कधी जे संपतं ते आपल्या विमानात नसतंच. १९९४ मध्ये नॅट-७५० बोस्नियावर टेहळणीला गेलं तेव्हा त्याला उपग्रहाचा दुवा नव्हता. चित्रं जमिनीवर पोचवायला मध्ये एक माणूस बसलेलं विमान घिरट्या घालत असे. दिवसभर उडू शकणारं मानवरहित विमान, आणि त्याची वेळ ठरणार ती शेजारच्या विमानातल्या वैमानिकाच्या इंधनावर! प्रिडेटरच्या नाकाचा तो फुगवटा पाहिला आहेस ना? तिथे उपग्रहाची डिश बसते. ती आली आणि ही अडचण गेली, पण संदेश जाऊन यायला सेकंदाहून जास्त वेळ लागू लागला. म्हणून उड्डाण आणि उतरणं धावपट्टीजवळच्या चमूने करायचं आणि वर गेलं की हजारो किलोमीटर दूरच्या चमूच्या हाती द्यायचं, अशी पद्धत पडली. प्रत्येक सोय आपली अडचण बरोबर घेऊन येते.

हेलिओसचा अहवाल मात्र मूळातून वाच. नासाचं सौरऊर्जेवर उडणारं विमान, पंखांची लांबी ७५ मीटर, म्हणजे जंबो जेटपेक्षा जास्त. २००१ मध्ये ते ९६,८६३ फुटांवर गेलं होतं. त्या वेळी वजन पंखभर सारखं पसरलेलं होतं. मग रात्रभर उडता यावं म्हणून त्यात फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारं यंत्र, घालायचं ठरलं. मधोमध दोनशे किलोंहून जास्त वजनाचा एक संच लटकवला आणि दोन्ही टोकांकडे हायड्रोजनच्या टाक्या. २६ जून २००३ रोजी हवाईतल्या काउआई बेटाजवळ, उड्डाणानंतर सुमारे अर्ध्या तासाने, विमान थोड्या खळबळीच्या हवेत शिरलं. पंख धनुष्यासारखे वर वाकले आणि वाकलेलेच राहिले. विमान नाक वर-खाली करू लागलं. प्रत्येक झोक्याला झोका दुपटीने वाढत गेला, वेग मर्यादेबाहेर गेला, पंखावरचं आवरण आणि सौरघट सोलून निघाले आणि सगळं समुद्रात पडलं.

चौकशीत कुणाला कामचुकार ठरवलं नाही. विमानाची रचना बदलल्यामुळे धोका किती वाढला, हे सांगू शकणारी विश्लेषणाची पद्धतच हाताशी नव्हती, असा निष्कर्ष निघाला. वायुगतिकीवाल्यांचं गणित आपल्या जागी होतं, संरचनावाल्यांचं आपल्या जागी, नियंत्रणवाल्यांचं आपल्या जागी. मऊ, लांब पंखात ही तिन्ही एकमेकांत घुसतात आणि तीही क्षणाक्षणाला. तुझ्या भावी सहकाऱ्यांमध्ये ‘हा माझा विषय नाही’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांच्या टेबलाशी जाऊन चहाच्या वेळेला प्रश्न विचार.

सॉफ्टवेअरचं तुला इतकं वेड आहे म्हणून आणखी एक अपघात सांगतो. २५ एप्रिल २००६, पहाटेची वेळ. अमेरिकेच्या सीमेवर गस्त घालणारं एक प्रिडेटर बी ॲरिझोनात नोगालिसजवळ उडत होतं. जमिनीवरच्या केबिनमध्ये शेजारी शेजारी दोन सारखेच कन्सोल, एक वैमानिकाचा, एक कॅमेरा चालवणाऱ्याचा. वैमानिकाचा कन्सोल गोठला, म्हणून त्याने नियंत्रण शेजारच्या कन्सोलवर घेतलं. गंमत अशी की दोन्हीकडे एकच लिव्हर. कॅमेऱ्याच्या कामात ती कॅमेऱ्याचं बुबुळ, म्हणजे आयरिस, लहानमोठं करते. वैमानिकाच्या कामात तीच इंजिनाचं इंधन तोडते. बदलण्याआधी दोन्ही लिव्हर एकाच स्थितीत आणायच्या, असं वैमानिकाच्या तपासणी-यादीत लिहिलेलं होतं. ते राहून गेलं. नियंत्रण बदललं त्या क्षणी इंधन तुटलं, इंजिन थांबलं. विमान खाली येत येत रेडिओ दुव्याच्या टप्प्याबाहेर गेलं आणि जमिनीवर पडलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. विमान धडधाकट होतं, इंधन होतं, हवाही ठीक होती. एक लिव्हर दोन अर्थांची ठेवण्याचा निर्णय कुठल्यातरी खोलीत कुणीतरी घेतला होता, बहुधा खर्च वाचवायला. मीही कदाचित तोच घेतला असता.

सौर विमानांबद्दल तू विचारलं आहेस. झेफरने २०१८ मध्ये २५ दिवस २३ तास ५७ मिनिटं काढली, २०२२ मध्ये ६४ दिवस. पंचवीस मीटर पंख आणि वजन ७५ किलो, एका माणसाएवढं. त्याची लढाई रात्रीशी असते. दिवसा बॅटरी भरायची, शिवाय उंचीही कमवून ठेवायची. रात्री थोडी उंची खर्च करत सूर्योदयाची वाट बघायची. उंची हीसुद्धा एक बॅटरीच, आणि तिचं वजन शून्य. ही कल्पना मला फार आवडते. पण कॅमेऱ्यासाठी उरतात मोजके किलो, त्यामुळे त्यातून ग्लोबल हॉकचं काम होईल अशी आशा धरू नकोस.

शस्त्रांचा प्रश्न तू शेवटी, जरा चाचरत विचारला आहेस. फेब्रुवारी २००१ मध्ये प्रिडेटरवरून हेलफायर क्षेपणास्त्र डागून पाहिलं गेलं आणि त्याच वर्षी ते युद्धात वापरलं गेलं. बघण्यासाठी बांधलेल्या विमानाला मारायला शिकवायला सात वर्षं लागली. करेम यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की क्षेपणास्त्र बसवणारा मी नव्हे. ते खरंच आहे, आणि तरी तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. जे यंत्र चोवीस तास डोक्यावर घिरट्या घालू शकतं त्याचं पुढे काय होईल, हे बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही. मी त्या कामात राहिलो. तू राहायचं की नाही हे मी सांगणार नाही. फक्त रुजू होण्याआधी ठरव, घराचे हप्ते सुरू झाल्यावर नको.

सॉफ्टवेअरची जागा पुन्हा मिळेल. चित्रं ओळखायची विद्या दर दोन वर्षांनी बदलते आणि ती घरी बसूनही शिकता येते. इंजिन सलग तीस तास चालताना रात्री तीन वाजता त्याचा आवाज कसा बदलतो, हे घरी बसून कळत नाही.

दुसरी जागा घेतलीस तर पहिल्या आठवड्यात एक कर. चाचणी विभागात जाऊन विचार: ऑइलच्या टाकीत किती मावतं आणि ताशी खप किती? आकडे मला कळवू नकोस, गोपनीय असतील. पण कुणी फाईल न उघडता सांगितले, की शोधाशोध करावी लागली, एवढं मात्र नक्की लिही.

तुझा,
काका