घरी अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताना कॉर्ड बदलला की तारांचा ‘चुईं’ आवाज येतो. तो कसा कमी करावा?

प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचं जादा साधन) विकत घ्यायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की स्टीलच्या तारांची गिटार आहे, एक कंडेन्सर माइक बाराव्या फ्रेटसमोर लावलाय, कॉर्ड बदलताना दर वेळी ‘चुईं’ होतं, आणि नॉइज रिडक्शन लावलं की गिटारच बोथट वाटते. यात नॉइज रिडक्शनचा दोष नाही. ते पंख्याच्या घरघरीसारख्या एकसारख्या चालणाऱ्या आवाजासाठी असतं. तारांची चुईं क्षणभर येते, दर वेळी वेगळ्या सुरात येते, आणि गिटारची चमक ज्या पट्ट्यात असते नेमकी तिथेच येते. म्हणून सुक्याबरोबर ओलंही जळतं. हा आवाज डावा हात तार सोडतो त्या क्षणी जन्मतो, आणि तिथेच तो सगळ्यात स्वच्छ कमी होतो. माइक आणि सॉफ्टवेअर त्यानंतर.

आधी तो येतो कसा ते बघू, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. जाड तारांमध्ये आत पोलादी गाभा असतो आणि त्यावर ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते. या वेढ्यांवरून बोट सरकलं की त्वचा प्रत्येक वेढ्याला अडखळत जाते. एका मिलिमीटरात साधारण दोन ते पाच वेढे बसतात, जाड तारेवर कमी आणि बारीक तारेवर जास्त. हात सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकला, तर सेकंदाला हजार ते अडीच हजार ठेचा लागतात, म्हणजे तेवढ्या हर्ट्झचा सूर तयार होतो. वेग दुप्पट झाला की सूरही दुप्पट उंच होतो. शिवाय तार लांबीच्या दिशेनेही कंप पावते आणि तिचा स्वतःचा एक ठरलेला उंच सूर त्यात मिसळतो. आपला कान सगळ्यात तिखट असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास, आणि यातला बराचसा कारभार तिथेच चालतो. म्हणून मीटरवर चिमूटभर दिसणारी चुईं कानाला एवढी खुपते.

आता हात. सर्वात जास्त आवाज कधी येतो? पूर्ण दाबून सरकताना नव्हे, आणि बोट पूर्ण उचलल्यावर तर नव्हेच. दाब अर्धवट सोडलेला असतो, बोट तारेला नुसतं टेकलेलं असतं आणि हात पुढच्या कॉर्डकडे निघालेला असतो, तेव्हा. म्हणजे उचलणं आणि निघणं या दोन हालचाली एकात मिसळतात, तिथे घोळ होतो. त्या वेगळ्या करा: आधी बोटं सरळ वर, फ्रेटबोर्डपासून दूर, आणि मग आडवी. अंतर फार लागत नाही, तारेचा स्पर्श सुटला की पुरे. मेट्रोनोम अगदी सावकाश लावून फक्त दोन कॉर्डमध्ये ये-जा करा, उजवा हात न वाजवता. तरीही ऐकू येणारी प्रत्येक चुईं ही निव्वळ डाव्या हाताची. ती थांबेपर्यंत वेग वाढवू नका. हा सराव कंटाळवाणा आहे हे मान्य, पण पाश्चात्त्य शास्त्रीय गिटार शिकवणारे त्यावर एवढा जोर देतात तो उगीच नाही.

उचलल्यावर आवाजात खड्डा पडेल अशी भीती वाटते, म्हणून लोक बोटं तारेला चिकटवून ठेवतात. त्यावर स्ट्रमिंगमध्ये सोपा तोडगा आहे. मात्रेतला शेवटचा अपस्ट्रोक (खालून वर मारलेला फटका) मोकळ्या तारांवर जाऊ द्या. त्या अर्ध्या क्षणात डावा हात हवेतून पुढच्या जागी पोचतो, आणि ऐकणाऱ्याला लय अखंड वाटते. फिंगरपिकिंग करत असाल तर अंगठ्याने एखादी मोकळी खर्जाची तार वाजत ठेवा, तिच्या आडून हात हलवता येतो.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो, कारण ऑनलाइन शिकलेल्या बऱ्याच जणांची इथेच गफलत होते. ‘गाइड फिंगर’ म्हणून शिकवतात ना, ई मेजरवरून डी मेजरला जाताना तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटवरून दुसऱ्यावर सरकवायची? शास्त्रीय गिटारवर ती तिसरी तार साध्या नायलॉनची असते, इलेक्ट्रिकवरही बहुतेकदा साध्या पोलादाची. अकूस्टिकच्या नेहमीच्या १२-५३ सेटमध्ये (सर्वात बारीक तार ०.०१२ इंच, सर्वात जाड ०.०५३ इंच) मात्र तिसरी तार वेढे दिलेली असते, आणि वेढेही सगळ्यात बारीक. म्हणजे जी युक्ती दुसऱ्या गिटारवर निमूट चालते, ती तुमच्या गिटारवर दर वेळी किंचाळते. गाइड फिंगर ठेवायचंच असेल तर ते पहिल्या दोन तारांवर ठेवा, त्या गुळगुळीत असतात.

त्याहून उत्तम म्हणजे हात सरकवायची गरजच कमी करणे. जी मेजर चारही बोटांनी धरा: अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, करंगळी पहिल्या तारेवर तिथेच. मग साध्या सीऐवजी सी ॲड नाइन आणि ई मायनरऐवजी ई मायनर सेव्हन घेतला, तर ती दोन बोटं जागची हलतच नाहीत. डीला त्या दोघांतली फक्त करंगळी उचलायची. पूर्ण अंतऱ्यात हात एकाच ठिकाणी राहतो. गाणं बी फ्लॅटमध्ये असेल आणि तुम्ही बारे कॉर्ड (एका बोटाने आडव्या सगळ्या तारा दाबून धरलेले) घेऊन गिटारच्या गळ्यावर वर-खाली पळत असाल, तर तिसऱ्या फ्रेटला केपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जीमधले मोकळे कॉर्ड वाजवा. रेकॉर्डिंगमध्ये कोणी तुमचा हात बघत नाही, सोपं फिंगरिंग वापरण्यात काही कमीपणा नाही.

तारा. कोऱ्या करकरीत तारा सर्वात जास्त चुईं करतात. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी नवीन सेट चढवू नका, दोन-तीन दिवस आधी चढवून वाजवून घ्या. पार जुन्या झालेल्या तारा मात्र मंद वाजतात आणि सूरही सोडतात, तेव्हा तो उपाय नव्हे. कोटिंग असलेल्या तारांनी खरोखर फरक पडतो, कारण वेढ्यांमधल्या फटींवर पातळ थर असतो. एलिक्सरमध्ये पॉलीवेबचा थर नॅनोवेबपेक्षा जाड असतो, त्यामुळे चुईं कमी होते आणि आवाज जरा उबदार होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, घामट हातांना या तारा जास्त टिकतात, हा आणखी एक फायदा. डॅडारियोच्या ‘फ्लॅट टॉप’ तारांचे वेढे घासून वरून सपाट केलेले असतात, त्यांची चुईं आणखी कमी असते, पण चमकही कमी. शांत फिंगरपिकिंगला त्या शोभतात. खणखणीत स्ट्रमिंग हवं असेल तर मी त्या घेणार नाही.

बोटांच्या टोकांवर घट्टे पडले असतील आणि ते खरखरीत झाले असतील, तर ते तारेवर कानशीसारखे चालतात. हार्डवेअरच्या दुकानात बारीक वॉटर पेपर मिळतो, ६०० किंवा ८०० नंबरचा. त्याने घट्टा हलक्या हाताने फक्त गुळगुळीत करा, काढून टाकू नका. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच रेकॉर्ड करू नका, भिजून मऊ पडलेली त्वचा तारेला चिकटते. आपल्याकडे सतारिये डाव्या बोटांना किंचित खोबरेल लावून बसतात, मींड घेताना बोट सरसर जावं म्हणून. गिटारवरही ते चालतं, पण अगदी बोट पुसून उरेल एवढंच. जास्त लावलंत तर तेल वेढ्यांत जाऊन बसतं, त्यात मळ धरतो आणि तारा लवकर मरतात. गिटारच्या दुकानात जीएचएसचं फास्ट फ्रेट मिळतं. त्यात मिनरल ऑइल असतं आणि ते तारांवर फिरवायचं असतं. टाल्कम पावडर मात्र नको. घटकाभर बरं वाटतं, मग घामाशी मिसळून लगदा होतो.

माइकची जागा थोडी बदलून बघा. बाराव्या फ्रेटसमोर सरळ रोखलेल्या माइकला तुमचा डावा हात जवळ पडतो. माइक तिथेच ठेवून त्याचं तोंड ब्रिजच्या दिशेला वळवा, म्हणजे त्याची पाठ डाव्या हाताकडे होईल. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, पाठीमागून सर्वात कमी ऐकतो. अंतरही एका फुटावरून दीड-दोन फुटांवर नेऊन बघा, मात्र खोलीचा घुमारा वाढला तर परत या. यातून चुईं पूर्ण जाणार नाही, कारण तिचा बराचसा भाग तारेतून ब्रिजवर आणि तिथून गिटारच्या लाकडी पाटातूनच बाहेर पडतो. गिटारमधल्या पिकअपमधून थेट घेतलं तरी ती येते, त्याचं कारणही हेच.

आणि आता ती जागा, जिथे घरी मिक्स करणाऱ्यांची चुईं दुप्पट होते: कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करणारं साधन. समजा कॉर्ड उणे ८ डेसिबलवर आहे आणि चुईं उणे २८ वर. दोघांत २० डेसिबलचं अंतर, म्हणजे काहीच त्रास नाही. तुम्ही थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबायला सुरुवात होते ती) उणे २० आणि रेशो ४ ला १ ठेवलात, म्हणजे वरच्या दर ४ डेसिबलचा १ उरतो. कॉर्ड थ्रेशोल्डच्या वर १२ डेसिबल होता, तो ३ वर आला, म्हणजे ९ डेसिबल दबला. चुईं थ्रेशोल्डच्या खालीच, तिला हातही लागला नाही. मग दबलेला आवाज भरून काढायला तुम्ही ९ डेसिबल मेकअप गेन दिलात. कॉर्ड परत उणे ८ वर आला, पण चुईं उणे १९ वर चढली. अंतर २० चं ११ झालं. ‘रेकॉर्ड करताना ऐकू येत नव्हती, मिक्समध्ये कुठून आली?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. म्हणून चुईंचा बंदोबस्त कॉम्प्रेसरच्या आधी करा, आणि गिटारवर कॉम्प्रेसर बेताने वापरा.

बंदोबस्त कसा? हाताने. ट्रॅक झूम करा, दोन कॉर्डच्या मधली चुईं शोधा. ती फार तर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी असते. तेवढ्याच तुकड्याचा आवाज क्लिप गेन किंवा व्हॉल्यूम एन्व्हलपने (निवडलेल्या तुकड्यापुरता आवाज कमी-जास्त करायची सोय) ६ ते १० डेसिबल खाली आणा आणि दोन्ही कडांना छोटा फेड द्या. पूर्ण म्यूट करू नका, मधेच खोलीची हवासुद्धा गायब झाली की तो खड्डा चुईंपेक्षा जास्त जाणवतो. तीन-चार मिनिटांच्या गाण्याला हे काम एका बैठकीत होतं, आणि कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं.

डी-एसर (गाण्यातला टोचणारा ‘स’ दाबणारं साधन) लावून सुटका होईल असं बरेच जण सुचवतील. अडचण अशी की डी-एसर मोठ्या आवाजावर जागा होतो, आणि त्याच पट्ट्यात पिकचा फटका चुईंपेक्षा मोठा असतो. म्हणजे तो स्ट्रम दाबतो आणि चुईंला सोडतो. तीन हजार हर्ट्झवर ईक्यूने (ठरावीक पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कायमचा खड्डा पाडणं त्याहून वाईट.

चुईं वाजत्या कॉर्डवर चढली असेल, तर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठले सूर आहेत ते दाखवणारं चित्र, उघडा. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्येही तो दिसतो. कॉर्डचे सूर आडव्या रेघांसारखे दिसतात, आणि चुईं त्यांना छेदत जाणाऱ्या कमानीसारखी: हात वेग घेतो तसा सूर चढतो, थांबतो तसा उतरतो. एकदा ओळखली की डोळ्यांनाच सापडायला लागते. तेवढाच पट्टा निवडून त्यावर फिल्टर लावता येतो. पैसे खर्च करायचेच असतील तर आयझोटोप कंपनीच्या आरएक्स या आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२० च्या आठव्या आवृत्तीपासून ‘गिटार डी-नॉइज’ हे खास साधन आहे, त्यात स्क्वीकसाठी, म्हणजे चुईंसाठी, वेगळा भाग आहे. ते चांगलं आहे. पण हात, तारा आणि क्लिप गेन एवढं झाल्यावर त्याची गरज उरते का ते बघा, मग पैसे घाला.

आणि सगळी चुईं काढू नका, हे मी कळकळीने सांगतो. माणूस वाजवतोय याची ती खूण आहे. १९९१ मध्ये जनरल मिडीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठीच्या प्रमाण आवाजांची, १२८ आवाजांची यादी ठरली, तेव्हा त्यात १२१ व्या क्रमांकावर ‘गिटार फ्रेट नॉइज’ ठेवला गेला. कुठली ठेवायची आणि कुठली दाबायची, हे नुसती गिटार एकटी ऐकून ठरवू नका. गाणं पूर्ण लावा, गायकासकट. शब्दाच्या शेपटीवर चढते ती दाबा, दर ओळीला एकाच जागी येते ती दाबा, कारण कान तिची वाट बघायला लागतो. फोनच्या स्पीकरवरही ऐका, त्यात खर्ज नसल्याने चुईं पुढे येते.

तुमच्या आत्ताच्या ट्रॅकपुरतं बोलायचं तर: गाणं क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवलंय असं तुम्ही लिहिलंय, ते फार बरं झालं. दुसऱ्या ध्रुवपदातला स्वच्छ कॉर्ड उचलून पहिल्या ध्रुवपदात त्याच मात्रेवर बसवता येईल, क्रॉसफेड दिला (एक तुकडा विरत असताना दुसरा चढवला) की सांधा कळत नाही. गिटार दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवलीय, तर एका बाजूच्या सगळ्या चुईं दाबा आणि दुसऱ्या बाजूच्या तूर्त आहेत तशाच राहू द्या. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावण्याआधी हे काम संपवा, नाहीतर प्रत्येक चुईंला शेपूट फुटेल. त्यानंतरही अंतऱ्यातला एफवरून जीला जाणारा बारे खटकत असेल, तर तेवढ्या चार ओळी मोकळ्या अपस्ट्रोकसह पुन्हा रेकॉर्ड करा. एडिट करण्यापेक्षा ते लवकर होईल.