डिस्चार्ज झाला, पण गोळ्या दोन डब्यांत

प्रश्न : ताई, सासऱ्यांना परवा कोल्हापूरच्या हॉस्पिटलातनं देवगडला घरी आणलं, नवीन गोळ्या दिल्यात पण घरात बीपीच्या जुन्यापण आहेत, दोन्ही द्यायच्या का? तिथे सगळे घाईत होते, विचारायचा धीरच झाला नाही.

उत्तर : अगं, आधी दोन्ही स्ट्रिप उजेडात धर, ब्रँडचं मोठं नाव सोड आणि बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाच. दोन्हीवर अॅम्लोडिपिन, म्हणजे बीपी उतरवणारं औषध, असेल तर एकच औषध दोनदा पोटात जातंय, बीपी खाली येऊन चक्कर येते आणि म्हातारं माणूस रात्री न्हाणीत जाताना पडतं. पण मनानं काही बंद करू नको हां, आजच, पुढच्या डोसच्या आधी, डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरला फोन लाव, नाहीच लागला तर सगळ्या गोळ्या पिशवीत भरून गावातल्या डॉक्टरांकडे जा. कुठली चालू, कुठली बंद, कुठली नवीन, ते कार्डावरच लिहून घे. आणि विचारायला लाजायचं कशाला? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ चा १७ सप्टेंबरचा रुग्ण सुरक्षा दिन रुग्ण नि घरच्यांच्या सहभागावरच ठेवला होता. पुढच्या वेळी घाट उतरायच्या आधीच विचार, राहिलेले रिपोर्ट कधी येणार तेही.