‘आण्विक प्रथिने’ की ‘केंद्रकीय प्रथिने’?

प्रश्न असा आहे : जीवशास्त्रावरील एका लेखाच्या भाषांतरात ‘न्यूक्लिअर प्रोटीन्स’साठी ‘आण्विक प्रथिने’ असा शब्द योजला असून, ही प्रथिने ‘जनुकांच्या प्रतिलेखनात आणि प्रतिलेखनोत्तर आरएनए प्रक्रियेत’ भाग घेतात, असे म्हटले आहे, हे मराठी कितपत बरोबर आहे?

‘आण्विक’ हा शब्द येथे सर्वस्वी चुकीचा आहे. न्यूक्लियस हे नाव भौतिकशास्त्रात अणूच्या गाभ्याला आणि जीवशास्त्रात पेशीतील, दुहेरी पटलाने वेढलेल्या व डीएनए बाळगणाऱ्या भागाला दिले जाते. मराठीत दोन्हींना केंद्रकच म्हणतात. त्यामुळे खरे तर घोटाळा होण्याचे कारण नव्हते. परंतु अण्वस्त्रे, अणुभट्टी, आण्विक करार असे शब्द रोजच्या वाचनात असल्यामुळे ‘न्यूक्लिअर’ दिसताच हात आपोआप ‘आण्विक’ लिहून जातो. त्यात भर म्हणून ‘मॉलिक्युलर’लाही काही जण ‘आण्विक’ म्हणतात, वास्तविक त्यासाठी आपल्याकडे रेणू आणि त्यावरून ‘रेण्वीय’ हा शब्द आहे. ‘आण्विक प्रथिने’ वाचणाऱ्यास मग ती किरणोत्सारी आहेत की रेणूंची बनलेली आहेत, हेच कळत नाही. आणि रेणूंची तर सगळीच प्रथिने बनलेली असतात.

म्हणून ‘केंद्रकीय प्रथिने’ म्हणावे. ‘केंद्रकातील प्रथिने’ हेही चालेल, किंबहुना सामान्य वाचकासाठी ते अधिक सोपे आहे. मात्र ‘केंद्रकात तयार होणारी’ असा त्याचा विस्तार करू नये. ही प्रथिने इतर प्रथिनांप्रमाणेच केंद्रकाबाहेर, पेशीद्रवातील रायबोसोमांवर (प्रथिने जुळवणाऱ्या सूक्ष्म कणांवर) घडतात आणि केंद्रकाच्या पटलातील छिद्रांवाटे आत नेली जातात. त्यांपैकी बऱ्याच प्रथिनांच्या साखळीतच अमिनो आम्लांचा एक छोटा क्रम प्रवेशाची खूण म्हणून असतो. काही प्रथिने तर आरएनएबरोबर बाहेर जाऊन पुन्हा आत येतात. अशा ये-जा करणाऱ्या प्रथिनांना ‘केंद्रकातील’पेक्षा ‘केंद्रकीय’ हे विशेषण अधिक शोभते, कारण ते संबंध सांगते, मुक्काम नव्हे.

‘प्रतिलेखन’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुळलेला आहे आणि तो चपखलही आहे. प्रतिलेखनात डीएनएवरून आरएनए घडतो तेव्हा न्यूक्लिइक आम्लाची भाषा तीच राहते, केवळ थायमिन ह्या बेसच्या, म्हणजे त्या भाषेतील एका अक्षराच्या, जागी युरॅसिल येते. आरएनएवरून प्रथिन घडताना मात्र भाषाच बदलते, म्हणून त्या पायरीला ‘भाषांतरण’ म्हणतात. ही जोडी मोडू नये.

खरी अडचण ‘प्रतिलेखनोत्तर आरएनए प्रक्रिया’ ह्या पदात आहे. पहिली गोष्ट व्याकरणाची : ‘आरएनए प्रक्रिया’ म्हणजे आरएनएने केलेली, आरएनए घडवणारी की आरएनएवर केलेली, हे समासातून उमगत नाही. मराठीला विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आहेत, त्यांचा संकोच बाळगण्याचे कारण नाही; ‘आरएनएवरील प्रक्रिया’ म्हटले की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट आशयाची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. ‘उत्तर’ म्हणजे नंतर. पण ह्या प्रक्रिया बहुतांशी प्रतिलेखन चालू असतानाच होतात. प्रथिनांची माहिती असलेल्या जनुकांचे प्रतिलेखन करणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-२ ह्या विकराला (एन्झाइमला) एक लांब शेपूट असते. तिच्यात सात अमिनो आम्लांचा एकच क्रम माणसात 52 वेळा, तर यीस्टमध्ये 26 वेळा, कमीअधिक फरकाने आलेला आहे. प्रतिलेखनाच्या आरंभी ह्या क्रमातील पाचव्या स्थानच्या सेरीन ह्या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढते आणि आरएनएच्या टोकाला टोपी बसवणारी विकरे तेथे येऊन चिकटतात. पुढे दुसऱ्या स्थानच्या सेरीनवर फॉस्फेट वाढते, तेव्हा शेवटी आरएनए कापून त्याला अॅडेनिनची शेपटी जोडणाऱ्या प्रथिनांची पाळी येते.

मानवी डिस्ट्रॉफिन जनुकाचे उदाहरण येथे बोलके आहे. त्याची लांबी 20 लाख बेस-जोड्यांहून अधिक आहे आणि ते एकदा शेवटपर्यंत प्रतिलेखित व्हायला सुमारे 16 तास लागतात. अखेरचा संदेशवाहक आरएनए मात्र जेमतेम 14,000 बेसांचा असतो, बाकीचे सारे इंट्रॉन (अखेरच्या संदेशात न राहणारे तुकडे) म्हणून गाळले जाते. आणि हे गाळणे दुसरे टोक लिहून होण्यापूर्वीच सुरू झालेले असते. तेव्हा ‘प्रतिलेखनोत्तर’ऐवजी ‘प्रतिलेखनाच्या ओघात आरएनएवर होणाऱ्या प्रक्रिया’ असे लिहावे. शब्द दोन वाढतील, पण विधान खरे होईल.

इंट्रॉन गाळून एक्सॉन, म्हणजे संदेशात राहणारे तुकडे, सांधण्याच्या क्रियेला कोणी ‘संपादन’ म्हणतात, तेही टाळावे. आरएनएतील एखादा बेस रासायनिकदृष्ट्या बदलण्याची, उदाहरणार्थ अॅडेनोसिनचे इनोसिन करण्याची, वेगळीच क्रिया आहे आणि ‘संपादन’ हे नाव तिच्यासाठी राखून ठेवायला हवे. सांधण्याच्या क्रियेस ‘स्प्लायसिंग’ म्हणावे व प्रथम उल्लेखात ‘कापून सांधणे’ असा खुलासा द्यावा. ही क्रिया करणारे यू-१, यू-२, यू-४, यू-५ व यू-६ हे घटक निव्वळ प्रथिने नसून लहान आरएनए व प्रथिने यांचे संयोग आहेत, आणि कापण्या-सांधण्याचे मूळ रासायनिक काम त्यांतील आरएनएच करतो. त्यामुळे मूळ लेखाचा रोख ह्या घटकांवर असेल, तर ‘केंद्रकीय प्रथिने’ हे नावही अपुरे पडेल आणि ‘केंद्रकीय रायबोन्यूक्लिओप्रथिने’ असेच लिहावे लागेल.