ऑनलाइन डेटिंग सेवा कशी निवडावी, आणि समोरच्याची खातरजमा केली तर तो दुखावेल का?

तुम्ही विचारले आहे की, अनेक वर्षांच्या संसारानंतर एकटेपण आल्यावर जोडीदार शोधण्यासाठी कोणती ऑनलाइन सेवा निवडावी, फसवणूक कशी टाळावी, आणि समोरच्या माणसाची खातरजमा करू लागलो तर तो दुखावेल का. घटस्फोटानंतर मी जवळपास तीन वर्षे अशा सेवा वापरल्या, एकदा फसता फसता वाचले, आणि शेवटी जो भेटला त्याच्यासोबत आज राहते आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यावरच उभे आहे: माझ्या अनुभवात खातरजमेने प्रामाणिक माणूस फार तर थोडा अवघडतो, चिडतो तो ज्याला घाई असते.

सेवा निवडताना जाहिरातींकडे पाहू नये. तुमच्या वयाची, भेटता येईल इतक्या अंतरावरची आणि तुमच्यासारखाच हेतू असलेली माणसे तिथे पुरेशी आहेत का, एवढेच पाहावे, आणि ते पैसे न भरताही दोन-तीन आठवड्यांत कळते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या मॅच डॉट कॉमवर लोक सविस्तर माहिती भरून शोध घेत. २०१२ मध्ये आलेल्या टिंडरने फोटो पाहून बोट सरकवण्याची सवय लावली. गंभीर नाते हवे असेल तर जिथे स्वतःबद्दल लिहायला जागा आणि प्रश्न जास्त आहेत, तिथे माणूस थोडा तरी कळतो. टिंडर, हिंज आणि ओकेक्युपिड या तिन्ही सेवा मॅच ग्रुप या एकाच कंपनीच्या आहेत, हेही तिघींचे पैसे भरण्यापूर्वी लक्षात असू द्या. शिवाय फोनवरून अ‍ॅप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबत नाही आणि खातेही पुसले जात नाही. ही दोन्ही कामे सेटिंग्जमध्ये जाऊन वेगवेगळी करावी लागतात.

प्रोफाइलमध्ये आडनाव, कामाचे ठिकाण आणि घराची ओळख पटेल असा फोटो देऊ नका. इतर समाजमाध्यमांवर असलेला फोटोही इथे वापरू नका, कारण प्रतिमाशोधाने त्यावरून तुमचे पूर्ण नाव काढता येते. लोकेशनची परवानगी द्यायचीच असेल तर फोनमध्ये ‘अंदाजे स्थान’ हा पर्याय निवडा. ही भीती काल्पनिक नाही: तीन ठिकाणांहून दिसणारे अंतर जुळवून वापरकर्त्याची नेमकी जागा शोधता येत होती, असा टिंडरमधील दोष सुरक्षा संशोधकांनी २०१४ मध्ये उघड केला होता, आणि तो तोपर्यंत दुरुस्तही झाला होता. २०१५ मध्ये विवाहबाह्य संबंध शोधणाऱ्यांसाठीच्या अ‍ॅशली मॅडिसन या सेवेची माहिती चोरीला गेली, तेव्हा तीन कोटींहून अधिक खात्यांचे तपशील बाहेर आले. त्यामुळे जे उघड झाल्यास तुमचे आयुष्य विस्कटेल, ते कोणत्याही चॅटमध्ये लिहू नका.

मला फसवू पाहणारा जो माणूस भेटला, तो स्वतःला समुद्रातील तेलविहिरीवरचा अभियंता म्हणवीत असे. दुसऱ्याच दिवशी त्याने अ‍ॅप सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर येण्याचा आग्रह धरला, आठवडाभरात लग्नाची भाषा सुरू केली, आणि व्हिडिओ कॉलचे नाव काढले की तिथे नेटवर्क नसे. फोटो मात्र व्यवस्थित पोहोचत. एका रात्री त्याचा अतिशय हळवा, लांबलचक संदेश आला. त्यात दोनदा माझे नाव होते आणि तिसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच एका बाईचे. त्या नावाकडे मी बराच वेळ पाहत बसले. मग त्याचे फोटो गूगल लेन्स या फोटोवरून शोध घेणाऱ्या सोयीत टाकले, तेव्हा तेच फोटो वेगळ्या नावाच्या माणसाच्या जुन्या खात्यावर सापडले. पैशांची मागणी त्यानंतर तीन दिवसांनी आली: सामान कस्टममध्ये अडकले आहे, तात्पुरती मदत हवी.

लाज वाटून मी हे कितीतरी दिवस कोणाला सांगितले नाही, आणि ती माझी चूक होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण संस्थेकडे २०२२ या एका वर्षात अशा प्रेमाच्या फसवणुकीच्या सुमारे ७० हजार तक्रारी आल्या आणि त्यांतील नुकसान १३० कोटी डॉलरच्या घरात होते. अलीकडे तर पैसे थेट मागितलेही जात नाहीत. ओळख वाढल्यावर क्रिप्टोत, म्हणजे आभासी चलनात, गुंतवणूक शिकवतो असे सांगून एक बनावट अ‍ॅप दिले जाते, त्यात नफा वाढताना दिसतो, विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला थोडी रक्कम काढूही दिली जाते, आणि मोठी रक्कम काढायला गेलात की आधी कर भरा असे सांगितले जाते. प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाला पैसे, गिफ्ट कार्ड किंवा ओटीपी देऊ नये आणि त्याच्या सल्ल्याने गुंतवणूकही करू नये; या नियमाला मी अपवाद ठेवलेला नाही.

प्रोफाइलवरील पडताळणीच्या निळ्या खुणेवर फार विसंबू नका. ती सहसा सेल्फी आणि फोटो जुळतात एवढेच सांगते. नोकरी किंवा वैवाहिक स्थिती तपासत नाही. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा आणि बोलता बोलता समोरच्याला मान वळवायला किंवा चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा, कारण संगणकाने चढवलेला बनावट चेहरा अशा वेळी बऱ्याचदा फाटतो. कॉलवर कोणी कपडे उतरवण्याचा आग्रह धरला तर तिथेच थांबा. कोणी तसे चित्रण दाखवून धमकावत असेल तर पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट काढा, मग सेवेकडे आणि पोलिसांकडे तक्रार करा. स्क्रीनशॉट आधी काढायला हवेत, कारण काही अ‍ॅप्समध्ये ब्लॉक किंवा अनमॅच करताच (म्हणजे जुळलेली ओळख तोडताच) सगळे संभाषण नाहीसे होते.

पहिली भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी आणि तासाभराची असावी. जाण्यायेण्याची सोय स्वतःची असावी आणि कोणा जवळच्याला ठिकाण व परतण्याची वेळ माहीत असावी. आजच्या माझ्या जोडीदाराला पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन दिले होते, आणि ते मी त्याला बसल्याबरोबर सांगून टाकले. तो क्षणभर गप्प राहिला, मग त्याने आपला फोन माझ्यापुढे सरकवला. त्यावर त्याच्या बहिणीचा संदेश होता, ‘पोहोचलास का? ती फोटोतलीच आहे ना?’