बक्षीस मिळालेले घर आणि हुकलेले दोन महिने

अशी पत्रे इंग्लंडहून वारंवार येतात. तुमचे थोडक्यात असे: वडिलांनी १९७८ मध्ये मिडलंड्समध्ये घर घेतले, २०१६ मध्ये दस्त करून तुम्हाला बक्षीस दिले, २०२१ मध्ये ते गेले. आता घर विकायला काढलेत, तर लँड रजिस्ट्रीत (घर-जमिनीच्या मालकीची तिथली सरकारी नोंदवही) कोणाचीच नोंद नाही आणि पुण्याची बहीण वाटा मागते आहे.

‘घर जुने, तेव्हा नोंदणीची सक्ती नव्हती’ हे तुमचे म्हणणे उपयोगाचे नाही. लंडनपासून सुरू झालेली सक्ती भागाभागाने पसरत १ डिसेंबर १९९० ला सबंध इंग्लंड-वेल्सला लागू झाली. बक्षीस आणि वारसाही १ एप्रिल १९९८ पासून तिच्यात आले. पाहायचे ते २०१६ च्या दस्ताकडे.

सगळे अडले आहे २००२ च्या लँड रजिस्ट्रेशन ॲक्टच्या कलम ७ वर. दोन महिन्यांत नोंदणीचा अर्ज केला नाही, की कायदेशीर मालकी देणाऱ्याकडे परत जाते; तो ती तुमच्यासाठी नुसती विश्वस्त म्हणून सांभाळतो. म्हणजे घराचा लाभ तुमचाच. बक्षीसपत्रालाच आव्हान दिले नाही, तर बहिणीचा दावा टिकणे कठीण दिसते. पण विक्रीच्या दस्तावर सही करायचा अधिकार आज तुमच्याकडे नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत दस्ताच्या पाकिटावर सॉलिसिटरच्या (वकिलाच्या) अक्षरात ‘नोंदणी बाकी’ असे लिहिलेले स्पष्ट दिसते. वडील त्यानंतर पाच वर्षे हयात होते. त्यांच्या एका सहीने नवा दस्त झाला असता! याचा मला खरोखर राग येतो.

आता कलम ६(५) धरा. सबळ कारण असेल तर रजिस्ट्रार मुदत वाढवू शकतो, आणि ती वाढवली की मालकी परत गेलीच नव्हती असे कायदा मानतो. एफआर१ या पहिल्या नोंदणीच्या अर्जासोबत उशिराचे खरे कारण तारखांसह लिहा, सजवू नका. नकार आला तर नवा दस्त तुमच्या खर्चाने, आणि त्यावर सही वडिलांच्या एक्झिक्युटरची, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याची. मृत्युपत्र नसेल आणि आईही हयात नसेल, तर इस्टेटीचा कारभार मागायला बहीणही पुढे येऊ शकते. म्हणून तिच्याशी आताच बोला.

१९७८ चा मूळ खरेदीदस्त फोटोत नाही. घराचे कर्ज फिटल्यावर तो बँकेकडून कोणी आणला, ते आधी शोधा.