इंदूरहून धुळ्याला रात्री गाडीने निघावं का?

विचारलंय की पावसाळ्यात बायको-मुलांना घेऊन रात्री निघालं तर खड्ड्यांचा धोका किती. माझं ऐका, पहाटे निघा. पोहे वाटेत खाता येतील.

खड्ड्यापेक्षा खड्डा चुकवणं जास्त घातक. पाणी भरलं की खोली कळत नाही, पुढची गाडी अचानक वळते आणि मागून ट्रक येत असतो. दोन वर्षांपूर्वी मानपूरच्या अलीकडे मी असाच एक खड्डा खाल्ला. तेव्हा काहीच जाणवलं नाही. घरी आल्यावर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसला! तो वेगात असताना फुटला असता तर? मागे आई बसली होती, बेल्ट न लावता. आपल्याकडे मागच्या सीटचा बेल्ट म्हणजे शोभेची वस्तू.

मानपूरनंतर धामनोदकडे उतार लागतो आणि सेंधव्यापुढे बिजासन घाट. तिथे खालच्या गिअरमध्येच उतरा. सतत ब्रेक दाबला की तो तापून निकामी होतो. अवजड ट्रकच्या पुढे रेंगाळू नका.

दुचाकीवर मागे कुणाला बसवून तर रात्री नकोच.

खड्डा दिसला किंवा गाडी बंद पडली तर 1033 लावा, राष्ट्रीय महामार्गाची मदत, अपघातात 112. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198-अ कलम आलं. रस्त्याच्या देखभालीत कसूर होऊन कुणी दगावलं वा अपंग झालं, तर ठेकेदाराला किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. माणसाच्या जिवापुढे एक लाख, असो. पण तक्रार केलीत तर खड्ड्याचा फोटो तारखेसकट काढून ठेवा.